शेजाऱ्याचा शब्द

मावळात कुसगाव या नावाचे गाव एकच नाही. त्यामुळे लोणावळ्याला लागून असलेल्या आमच्या कुसगावाला सरकारी दप्तरात ‘बुद्रुक’ हे उपपद चिकटले आहे, आणि पत्त्यावर ते लिहायचे राहून गेले म्हणजे टपाल कोणत्या वाटेला लागेल याचा नेम राहत नाही. अशाच एका भरकटलेल्या पाकिटाची कैफियत मांडण्यासाठी मी आषाढातल्या एका संध्याकाळी मास्तरांच्या पडवीत जाऊन बसलो होतो. मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. पुणे-मिरज मार्गावरच्या लहानसहान स्टेशनांवर स्टेशनमास्तरकी करण्यात उभी हयात घालवून ते गावी परतले, आणि नोकरी सुटली तरी दर बोलण्याला वेळेचा दाखला जोडण्याची सवय मात्र त्यांना सुटलेली नाही. धुके इतके दाट होते की द्रुतगती मार्गावरच्या गाड्यांचा नुसता घोष ऐकू येत होता. ज्याला सगळे ‘मिसिंग लिंक’ म्हणतात तो खोपोलीकडून डोंगराच्या पोटातून येऊन आमच्या गावापाशी निघणारा तेरा किलोमीटरांचा रस्ता तेव्हा तयार होत होता, आणि गावात कोणताही विषय निघाला तरी तो फिरून त्या बोगद्यावरच येत असे.

मास्तरांची भाची दोन दिवसांच्या रजेवर मुंबईहून आली होती. ती नेटवर्क इंजिनियर आहे. माझी हकीगत ऐकून ती हसली आणि म्हणाली, “काका, तुमचे एक पाकीट हुकले. आमच्याकडे एकाच नावाची दोन कुसगावे झाली, तर सबंध जाळे रात्रभर जागे राहते. मी एका ठिकाणी ते पाहिलेले आहे. ठिकाणाचे नाव काही सांगत नाही.”

“सबंध जाळे कशाला जागे राहावे?” मास्तरांनी पानाचा डबा मिटत विचारले. “ज्या दोघांचे भांडण त्या दोघांनी मिटवावे. तुमच्या त्या राउटरांना शेजारधर्म ठाऊक नाही काय?”

येथून जो वाद सुरू झाला तो रात्रीच्या जेवणापर्यंत चालला. त्यातला तांत्रिक तपशील मला पुढे पुष्कळ दिवस पुरला, म्हणून जसा आठवतो तसा उतरून काढतो.

मास्तरांची भूमिका सरळ होती, आणि ती त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीचा फलाट डोळ्यांसमोर आणून मांडली. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्यावाचून त्यांच्या यंत्रातून गोळा निघत नसे, आणि गोळा हाती पडल्यावाचून ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे. वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली चामड्याची पिशवी, पिशवीत मुठीएवढा धातूचा गोळा, आणि गाडी न थांबता जायची असेल तर इंजिनाच्या पायरीवर ओणवा झालेला फायरमन हात वाकवून ते कडे कोपरात कसे झेलायचा, हे दाखविताना मास्तर स्वतःच उभे राहिले व पडवीच्या खांबाला इंजिन कल्पून त्यांनी ते दोनदा करून दाखविले. “दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गोळा बाहेर,” ते म्हणाले. “मला डावीकडचा शेजारी ठाऊक, उजवीकडचा ठाऊक. मिरजेला काय चालले आहे आणि पुण्याला काय चालले आहे, याची उठाठेव मी केली नाही, आणि माझ्या हातून एकही गाडी चुकीच्या खंडात गेली नाही. ज्याने त्याने आपला शेजार सांभाळला की मार्ग सांभाळला जातो.”

“मामा, तुमच्या मार्गाला फाटे नव्हते,” भाची म्हणाली. “पुढे जायचे किंवा थांबायचे, एवढाच प्रश्न. वाट निवडायची पाळी आली असती तर शेजाऱ्याचा शब्द पुरला असता का?”

मग तिने जुनी रीत सांगितली. १९६९ साली अमेरिकेत अर्पानेट हे जाळे उभे राहिले तेव्हा प्रत्येक यंत्र आपल्या शेजाऱ्याला आपला निष्कर्ष तेवढा कळवीत असे, की अमुक ठिकाण माझ्यापासून इतके दूर आहे. शेजारी त्यात आपले अंतर मिळवून पुढच्याला कळवी. त्याच वंशातली ‘रिप’ नावाची पद्धत पुढे पुष्कळ चालली. हिशेब सोपा, बोलणे थोडके, आणि सर्व काही ठीक असेतोवर उत्तर बिनचूक.

“आता घाटात दरड पडली असे धरा,” ती म्हणाली. २०१५ च्या जुलैत आडोशी बोगद्यापाशी पडलेली दरड आमच्यापैकी कुणी विसरले नव्हते, त्यामुळे धरण्याची फारशी गरज नव्हती. “मळवली, लोणावळा, खोपोली अशी ओळीने तीन ठाणी. खोपोली लोणावळ्यापासून एक मुक्काम, मळवलीपासून दोन. दरड पडताच लोणावळ्याला कळले की आपली वाट बंद झाली. पण तेवढ्यात मळवलीचा नेहमीचा निरोप येतो की खोपोली माझ्यापासून दोन मुक्कामांवर आहे. ती दोन मुक्कामांची वाट लोणावळ्यावरूनच जाते हे मळवली सांगत नाही, कारण त्या पद्धतीत ते सांगण्याची सोयच नाही. लोणावळा खुश होऊन म्हणतो, मग माझ्यापासून तीन. मळवली ऐकते आणि म्हणते, मग माझ्यापासून चार. दर तीस सेकंदांना आकडा वाढतो आणि ट्रक मळवली-लोणावळा, लोणावळा-मळवली असे हेलपाटे घालीत राहतात. सोळा हा आकडा आला म्हणजे ते ठिकाण अनंत अंतरावर आहे, म्हणजेच नाही, असे समजायचे, हा त्या पद्धतीचा नियम आहे. ज्याच्याकडून ऐकले त्यालाच ते परत ऐकवू नये असा तोडगा निघाला. त्याने दोघांतला घोळ थांबतो, पण तिघे चक्राकार उभे राहिले की तोही फसतो.”

मास्तरांनी यावर हरकत घेतली ती मार्मिक होती. ते म्हणाले की हा दोष शेजाऱ्यावर विसंबण्याचा नसून शेजाऱ्याने काय सांगावे याचा आहे. त्यांच्या शेजारच्या मास्तराने ‘गाडी आली’ एवढेच सांगितले असते, ‘गाडी मिरजेला पोहोचेल’ असा भविष्यवाद केला नसता.

“हेच!” भाची एकदम म्हणाली. “१९७९ साली अर्पानेटने जुनी रीत टाकली ती याच कारणाने. नव्या रीतीत कुणी निष्कर्ष सांगायचा नाही. माझे शेजारी कोण, त्यांच्याकडे जाणारा दुवा जिवंत आहे की मेला, आणि त्यावरून जायला किती पडते, एवढे स्वतः पाहिलेले सांगायचे. पण ते शेजाऱ्यापुरते न ठेवता सगळ्या जाळ्याला सांगायचे. ओएसपीएफ आणि आयएस-आयएस या आज चालणाऱ्या दोन्ही पद्धती याच रीतीच्या.”

या निवेदनाला धंद्यातली माणसे ‘एलएसए’ म्हणतात. त्याचा प्रवास तिने सांगितला तो दवंडीसारखा होता, फरक इतकाच की इथे दवंडीवाला एक नसतो. एका राउटराकडून निवेदन आले की घेणारा ते आपल्या दप्तरात नोंदवितो, आणणाऱ्याला पोच देतो, आणि आणणारा सोडून बाकीच्या सर्व शेजाऱ्यांना त्याची नक्कल धाडतो. पोच आली नाही तर ओएसपीएफमध्ये साधारणपणे पाच सेकंदांनी पुन्हा धाडतो. तेच निवेदन दुसऱ्या बाजूने परत आले तर ते पुढे जात नाही, आणि जुने आले तर आणणाऱ्यालाच नवे ऐकवून त्याचे अज्ञान दूर केले जाते. अशा रीतीने थोड्याच अवकाशात प्रत्येकाच्या दप्तरात सगळ्या मुलुखाचा एकसारखा नकाशा तयार होतो.

“आणि खोटे सांगितले तर?” मास्तरांनी विचारले. “मी म्हणालो की माझ्यापासून थेट मुंबईला रूळ आहे, तर?”

“तर मुंबईनेही तसे म्हटले पाहिजे. दोन्ही टोकांनी तोच दुवा सांगितल्याशिवाय वाट काढताना तो धरीत नाहीत. आणि शेजार जुळतो तोसुद्धा असाच. दर दहा सेकंदांना ‘मी आहे’ असा नमस्कार जातो, त्यात ‘मी कुणाकुणाचे ऐकले’ याची यादी असते, आणि समोरच्याच्या यादीत आपले नाव दिसले तरच दुतर्फा ओळख झाली. चाळीस सेकंद नमस्कार आला नाही तर तो गेला असे समजायचे.”

मास्तर क्षणभर गप्प राहिले, मग सावकाश म्हणाले, “हा तर आमचा ब्लॉकच झाला की. दोघांचा जबाब जुळल्याशिवाय गोळा नाही.” वादात प्रतिपक्षाच्या शिबंदीत आपली माणसे सापडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता, आणि तो भाचीने हिरावून घेतला नाही.

पण म्हातारा लढवय्या होता. त्याने मोर्चा बदलला. ज्या बातमीला सगळ्यांच्या घरी जायची मुभा आहे, ती बिघडली तर सगळ्यांच्याच घरी बिघडणार; शेजाऱ्यापुरती असती तर नुकसानही शेजारापुरते राहिले असते, असे त्याचे म्हणणे. इथे मला, इतिहासाच्या नादी लागलेल्या माणसाला, तोंड घालावेसे वाटले. मी म्हणालो की बातमी बिघडण्यापेक्षा ती न मरणे अधिक घातक. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मरणाची निःसंदिग्ध खातरजमा सगळीकडे एकसारखी न पोहोचल्यामुळे त्यांच्या नावाचा तोतया उभा राहू शकला, आणि १७७६ साली त्याचा निकाल लागेपर्यंत त्याने भल्याभल्यांना घोळात घेतले. जिवंतपणाच्या नोंदीला मुदत घातलेली नव्हती.

“मुदत आहे ना आमच्याकडे!” भाची म्हणाली. तिच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक निवेदनावर वय लिहिलेले असते आणि ते सेकंदासेकंदाने वाढते. ज्याचे त्याने अर्ध्या तासाने, काही बदलले नसले तरी, पुन्हा सांगायचे. तासाभरात ताजेपणाचा दाखला आला नाही तर ती नोंद सगळ्यांच्या दप्तरातून बाद. भाऊसाहेबांना दर अर्ध्या तासाला ‘मी आहे’ म्हणावे लागले असते तर तोतयाची काय गत झाली असती, या कल्पनेने आम्ही तिघेही हसलो.

वयाखेरीज निवेदनाला जावक क्रमांकही असतो, आणि मोठा क्रमांक तो नवा, असा निवाडा होतो. मास्तरांनी ज्या अनर्थाचे भाकीत केले होते तो घडला तो या क्रमांकातच, हे तिने कबूल केले. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट कित्येक तास बंद पडले. तिथे क्रमांक शून्यापासून त्रेसष्टपर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येत असे. म्हणून नवे कोणते व जुने कोणते हे वर्तुळावर कोण कोणाच्या पुढे आहे यावरून ठरवावे लागे. एका यंत्राच्या बिघाडाने एका निवेदनाच्या क्रमांकातले एकेक द्विमान अंक गळत गेले आणि चव्वेचाळीस, चाळीस व आठ अशा क्रमांकांची तीन रूपे एकदम जाळ्यात फिरू लागली. चाळीस आठाच्या पुढचा, चव्वेचाळीस चाळिसाच्या पुढचा, आणि वर्तुळ असल्यामुळे आठ पुन्हा चव्वेचाळिसाच्या पुढचा! प्रत्येक यंत्र प्रामाणिकपणे जुने टाकून नवे घेई व पुढे धाडी, आणि तिन्ही निवेदने परस्परांना जुनी ठरवीत अखंड प्रदक्षिणा घालीत राहिली. ज्या यंत्राने ती जन्माला घातली ते थांबवूनही उपयोग नव्हता, कारण ती आता सगळ्यांच्या स्मरणात होती. तारेवरून जाताना निवेदनाची तपासणी होत असे. स्मरणात पडून असताना मात्र ती कुणी करीत नव्हते.

मास्तरांनी विजयाची मुद्रा धारण केली, पण कारकुनी शिस्तीचा माणूस असल्यामुळे त्यांचे मन विजयापेक्षा दुरुस्तीकडेच ओढ घेत होते. “बारनिशीत आम्ही क्रमांक दरसाल एकापासून सुरू करायचो,” ते म्हणाले, “पण पुढे तिरपी रेघ मारून साल घालायचो.”

ओएसपीएफमध्ये क्रमांकाचे वर्तुळच मोडून टाकले आहे, असे भाचीने सांगितले. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ चालतो. दर पाच सेकंदांना नवे निवेदन काढत राहिले तरी तो संपायला सहाशेहून अधिक वर्षे लागतील, आणि संपलाच तर जुनी नोंद आधी सगळीकडून पुसून मगच पुन्हा प्रारंभ. निवेदनाची तपासणीची बेरीजही त्याच्याबरोबरच दप्तरात राहते. मग आमच्या मूळ मुद्द्यावर येऊन तिने दोन कुसगावांची उकल केली. चुकून दोन राउटरांना एकच ओळखक्रमांक दिला गेला की एकाचे निवेदन दुसऱ्याकडे जाते. तो पाहतो की आपल्या नावाचे पण आपण न लिहिलेले काही फिरते आहे, म्हणून तो एकाने मोठा क्रमांक घालून आपले खरे निवेदन काढतो. ते पहिल्याकडे जाते, तोही तेच करतो, आणि जाळ्यातला प्रत्येक जण दर वेळी नकाशा पुसून नवा काढीत बसतो. दोघेही सत्यवादी, दोष नाव ठेवणाऱ्याचा.

माझ्या पाकिटाचा न्याय इथे झाला, पण मास्तरांचे समाधान झाले नव्हते. सबंध मुलुखाचा नकाशा पायरीवरच्या हमालालासुद्धा दिला, तर प्रत्येक जण आपल्या अकलेने गाड्या सोडील, असा त्यांचा पुढचा आक्षेप होता. रेल्वेत ते काम कंट्रोल ऑफिसचे. एक माणूस आलेख मांडून बसतो, बाकीचे त्याचे ऐकतात.

उत्तरादाखल भाचीने आतून मूठभर चिंचोके आणि खडू आणला व पडवीच्या फरशीवर चार ठाणी काढली. मळवलीपासून कुसगाव तीन चिंचोके, लोणावळा चार. कुसगाव ते लोणावळा दोन. लोणावळा ते खोपोली सहा. आणि अजून न झालेला बोगदा झाला असे मानून कुसगाव ते खोपोली पाच. (चिंचोक्यांचा मैलांशी संबंध नाही, ते तिने हाताला आले तसे ठेवले.) “मळवलीत उभे राहा,” तिने मास्तरांना सांगितले. “सगळ्यांत जवळचे?” कुसगाव, तीन. ते पक्के. तिथून लोणावळ्याला पाच पडतात, पण थेट चारच, म्हणून चारच ठेवायचे, खोपोली आठ. आता उरलेल्यांत जवळचे लोणावळा, चार. ते पक्के. तिथून खोपोली दहा, आठ बरे. झाले. मग तिने बोगद्याची रेघ बोटाने पुसली आणि मास्तरांनी स्वतःच पुन्हा मोजून दहा सांगितले. हा हिशेब एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५६ साली ॲम्स्टरडॅमच्या एका कॉफीगृहात कागद-पेन्सिलीवाचून वीस मिनिटांत मनाशी जुळविला आणि १९५९ साली प्रसिद्ध केला. नकाशा सगळ्यांचा एक आणि हिशेबाची रीतही एक, म्हणून उत्तरे परस्परांशी जुळतात. कंट्रोलरची तार तुटली म्हणून कुणी अडून बसत नाही.

“आणि नकाशे एकसारखे नसतील त्या क्षणी?”

“त्या क्षणी गाडी दोन स्टेशनांत घुटमळते,” ती म्हणाली. “पण क्षणच. आणि प्रत्येक पाकिटावर मुक्कामांची मर्यादा लिहिलेली असते. ती संपली की पाकीट टाकून देतात.”

“टाकून देतात!” ज्यांच्या नोकरीत एक पार्सल गहाळ झाले तरी सहा महिने जाबजबाब चालत, त्या मास्तरांना हे शब्द सहन झाले नाहीत. या एका मुद्द्यावर त्यांचे मन भाचीला अखेरपर्यंत वळविता आले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही वळले नाही.

एका सामायिक तारेवर दहा राउटर असले तर प्रत्येकाने प्रत्येकाशी दप्तर जुळवीत बसण्याऐवजी एकाला पाटील व एकाला चौगुला नेमतात, आणि नेमणूक झाल्यावर मागाहून कितीही मोठा मानकरी आला तरी पाटिलकी हलत नाही, हे तिने ओघात सांगितले तेव्हा मास्तरांना ते आवडले. पण खरी गंमत पुढे होती. जाळे फार वाढले, हजारो दुवे झाले, म्हणजे काय करता, असे त्यांनी विचारले, आणि भाची थोडी अडखळली.

“मग त्याचे परगणे पाडतात,” ती म्हणाली. “परगण्याच्या आत सगळ्यांना सगळे ठाऊक. वेशीवरचा राउटर मात्र बाहेर तपशील देत नाही. आमच्या परगण्यातली अमुक ठिकाणे माझ्यापासून इतकी दूर, एवढेच सांगतो.”

मास्तर ताठ बसले. “म्हणजे निष्कर्ष सांगतो.”

“हो.”

“स्वतः न पाहिलेल्याने ऐकून घ्यायचा, आणि त्यात आपले अंतर मिळवायचे.”

“हो, मामा. परगण्या-परगण्यांत आम्ही जुन्याच रीतीने चालतो. म्हणून तर नियम आहे की प्रत्येक परगण्याने मधल्या मुख्य परगण्याला लागूनच असले पाहिजे आणि एकमेकांशी बोलणे त्याच्यावाटेच झाले पाहिजे. त्याचा क्रमांक शून्य. तसे नसते तर मळवली-लोणावळ्याचे हेलपाटे पुन्हा सुरू झाले असते.”

“शेजाऱ्याचा शब्द,” मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, “शेवटी घ्यावाच लागला.” आणि त्यांनी पान लावायला घेतले.

भाचीने वाद वाढविला नाही. मला विचाराल तर दोघांत ती अधिक बरोबर होती, कारण आपला शब्द कुठे ऐकीव आहे हे तिला नेमके ठाऊक होते आणि तिथे तिने कुंपण घातले होते. मास्तरांना मात्र त्या संध्याकाळी हे सांगण्याचा धीर मला झाला नाही.

पाने वाढली जात असताना मास्तरांच्या फोनवर खोपोलीहून त्यांच्या पुतण्याचा निरोप आला. घाटात वरच्या अंगाला दरड आली असून रस्ता बंद आहे, ताईने उद्या सकाळी गाडी काढू नये, असा त्याचा आग्रह होता. मास्तर चष्मा कपाळावर सारून ऐकत होते.

“तू स्वतः पाहिलीस, का कुणी सांगितले?” त्यांनी विचारले.

पलीकडून काही उत्तर आले.

“त्याने पाहिली? बरे. किती वाजता?”

मग त्यांनी खाली वाकून फरशीवरचा खडू उचलला आणि लोणावळा-खोपोलीच्या रेघेशेजारी, स्टेशनच्या वहीत लिहावे तशा ठसठशीत आकड्यांत, १९.४० असे लिहिले.